कादिरकुलनं माईक सोडला नाही

माझा धाकटा दीर कादिरकुल शाळेची बस चालवतो. जेवताना मीठ हवं असलं तरी खुणेनं मागणारा माणूस. पण घोड्यावरून बोकडाचं धूड पळवायच्या आमच्या कोक-बोरू खेळाच्या मैदानावर हातात माईक आला, की त्याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे! बोकडाचं धूड कुणाच्या हातून निसटलं, कुणाच्या घोड्यानं कुणाला रेटलं, हे तो असं काही सांगतो की धुळीत बोटभर दिसत नसलं तरी आमच्या सारी-बुलाक गावच्या अख्ख्या गर्दीला सगळं दिसतं.

त्या वर्षीचा नोरुज सणाचा सामना अगदी अटीतटीला आला होता. मी मैदानाभोवतीच्या दोराच्या मागे चहा आणि तळलेले बोरसोक विकत होते. आमच्या संघाचा तिलेक, नुकतं लग्न ठरलेलं पोर, गोलाकडे सुसाट निघाला होता. तिघांनी त्याला कडेला दाबलं आणि त्याचा घोडा दोरावरून उडी मारून थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांत घुसला. लागलं कुणालाच नाही. एका मोठ्या साहेबाची टोपी तेवढी चिखलात पडली. पण बंदोबस्तावरच्या कॅप्टन मेदेरोवचं डोकं फिरलं. त्यानं तिलेकला बूट धरून खाली ओढलं आणि दंडुका काढला.

खेळ तिकडे दुसऱ्या टोकाला चालू होता. कादिरकुलची नजर मात्र इकडे वळली, आणि भोंगे कडाडले.

"तिलेक खाली! दोन्ही हात वर, हात रिकामे! कॅप्टन मेदेरोव, उजव्या हातात दंडुका... मारला! खांद्यावर! अरे, मनगटावर! पोरगा पडलाय, पडलेल्याला मारतायत! कानावर! लोकहो, हा फाऊल आहे! पंच, शिट्टी वाजवा, शिट्टी!"

आधी लोक हसले. मग माना वळल्या. आणि मग सगळं मैदान एका आवाजात ओरडायला लागलं, "फाऊल! फाऊल!" मीही झारा उंचावून ओरडत होते. एका शिपायानं धावत जाऊन माईकची वायर उपटली. कादिरकुल खुर्चीवर चढला आणि नुसत्या गळ्यानं सांगत राहिला. दोन्ही संघांचे स्वार धूड टाकून दौडत आले, घोड्यांचं कडं पडलं, तेव्हा कुठे मेदेरोवचा हात थांबला. नाहीतर पोरगा हातचा गेला असता.

पोलिसांनी लिहून टाकलं, स्वार घोड्यावरून पडला. दोन हवालदारांनी तशीच साक्ष दिली. ठाण्याच्या मोठ्या साहेबानं कादिरकुलला बोलावून समोर चहा ठेवला, वर थोरल्या भावाला म्हणावं तसं 'बाइके' म्हणाला.

"बाइके, तुम्ही कलाकार माणूस. जोशात बोलून गेलात, एवढंच म्हणा की."

"जोशात होतोच, साहेब. पण डोळे उघडे होते."

त्या दिवसापासून त्याची बस रोज अडवायला लागले. कधी ब्रेक बघ, कधी टायर. एकदा तर सीटचं फाटकं कव्हरसुद्धा गुन्हा ठरलं. माझा नवरा वैतागला. "माफी माग आणि मोकळा हो ना!"

कादिरकुलनं माझ्याकडे बघितलं. "जेंगे, तुझं काय म्हणणं?" थोरल्या भावजयीला आमच्यात तशीच हाक मारतात.

मी म्हटलं, "माफी मागितलीस तर माझ्या हातचा चहा बंद. बायकोला सांग करायला, तिचा कसा होतो ठाऊक आहे ना!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

तिलेकच्या बाजूनं लढायला बिश्केकहून आलेली आयजार्किन नावाची वकीलबाई अंगानं नुसती काडी, पण निखारा होती निखारा! तिनं गावभर फिरून लोकांच्या फोनमधले व्हिडिओ गोळा केले. चित्रात बघावं तर धूळ आणि घोड्यांची ढुंगणं. पण आवाज? प्रत्येक फोनमध्ये कादिरकुल खणखणीत!

कोर्टात बसायला जागा नव्हती. मेदेरोवचा वकील छद्मी हसला. "याच गृहस्थांनी मागच्या वर्षी सांगितलं होतं, की घोडा ढगात गेला. यांच्यावर विश्वास ठेवायचा?"

"सांगितलं होतं," कादिरकुल म्हणाला. "पण घोडा कुणाचा आणि कुठल्या गोलाकडे गेला, त्यात चुकलो असेन तर बोला."

"नाही चुकला!" मागून कुणीतरी ओरडलं. न्यायाधीशबाईंनी दम दिला, पण ओठ त्यांचेही हलले होते.

मग त्यांनी व्हिडिओ थांबवत थांबवत ऐकला. खांदा. डॉक्टर म्हणाले, हो, खांद्याचं हाड. मनगट. हो, दोन जागी मोडलं. कान. हो, पडदा फाटला. शेजारणीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

तरी वकील म्हणालाच, पोरानं आधी हात उगारला असेल. तेव्हा त्या सामन्यातल्या समोरच्या संघाचा स्वार बाकास उभा राहिला. मेदेरोव त्याचा सख्खा मेहुणा, बहिणीचा नवरा! ती बहीण पुढच्याच बाकावर बसली होती.

"सगळ्यात जवळ माझा घोडा होता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "हात रिकामे होते. वर होते."

बहीण उठली आणि दार आपटून निघून गेली.

निकाल लागला. मेदेरोवला तुरुंग, आणि पुन्हा कधी वर्दी नाही! असा गलका झाला की बाहेर बांधलेले घोडे बिथरले. तिलेकचा डावा कान आता ऐकत नाही, तो आईला सारखं विचारत होता, "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" आणि ती माऊली हसत-रडत पुन्हा पुन्हा सांगत होती. खोटी साक्ष देणारे हवालदार मात्र नुसत्या समजेवर सुटले. आयजार्किन गाडीत बसता बसता म्हणाली, "त्यांचं उद्यापासून बघते." आणि ती बघणार, यात मला शंका नाही.

आम्ही अंगणात पुलाव चढवला. सगळं गाव लोटलं होतं. बाकास तेवढा फाटकाबाहेर घोड्याच्या खोगिराशी उगाच चाळा करत उभा. बहिणीच्या घरी जायची सोय उरली नव्हती. तिलेकची आई बाहेर गेली, तिनं त्याच्या हातातून लगाम काढून घेतला.

"घोड्याला मी बघते. तू आत जा, पोरा. पहिलं ताट तुझं."