टीव्हीवर गेलेले चिंचणीचे बोंबील

केळवे-चिंचणीला जायचं म्हणताय? खुशाल जा. सुरूची बनं आहेत, नारळी आहेत, रविवार टाळलात तर किनारा मोकळा मिळतो. मी मात्र पहिल्यांदा गेलो ते ऐंशीच्या दशकात, टीव्हीच्या नोकरीत, आणि डोकं फिरवून घेऊन परत आलो. साहेबांचं फर्मान होतं: "तारापूरच्या अणुविजेला लोक घाबरतात. एका कार्यक्रमात भीती घालवा." घालवा म्हणे! जशी काही ती माशीच होती.

पहाटे मुंबईहून मेटॅडोरने निघालो. हायवे बरा होता, पण मस्तान नाक्याला पालघरकडे वळलो आणि खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली. पालघर स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली, तेवढंच त्या दिवसाचं सुख. बोईसरला डॉक्टर गाडीत बसले. हे आमचे अणुशास्त्रज्ञ. हुशार, सज्जन, आणि साध्या प्रश्नाचं अर्धा तास उत्तर देणारे.

तारापूरला लागूनच असलेल्या चिंचणीत हिरूबाई वाट बघत होती. ती पालघरच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकं "तारापूरकडची का?" विचारून पुढे सरकायची, आणि घर तर मासळीच्या त्या पाटीवरच चालायचं. कॅमेऱ्यासमोर यायला तिची एकच अट होती: "सायबांनी माझ्या हातची मासळी खाल्ली पायजे. लोकांना दिसू दे." मला तर लॉटरीच लागली असं वाटलं.

कॅमेरा सुरू झाला. डॉक्टर ठणकावून म्हणाले, "आम्ही पाणी नियमित तपासतो. इथली मासळी खायला सुरक्षित आहे." हिरूबाईने तळलेल्या बोंबलांची ताटली पुढे केली. डॉक्टरांनी ती दोन बोटांनी हळूच मागे सारली.

"नको, नको. मी शाकाहारी आहे."

अरे देवा! इतके फोन झाले, बैठका झाल्या, आणि हे एकानेही विचारलं नव्हतं!

"मंग लोकांनी का खावा?" हिरूबाई भडकली.

"बाई, मी जन्मात मासा खाल्लेला नाही. भीतीचा काही संबंध नाही."

"ते मला कळतंय, सायब. टीवीत कळंल का?"

डॉक्टर बिचारे घामाघूम. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी आपण शाकाहारी असल्याचं नीट सांगितलं. मग मीच ताटली रिकामी केली, तेही चित्रित केलं. बोंबील काय झाले होते म्हणून सांगू! निघताना हिरूबाईने सुके बोंबील कागदात बांधून दिले.

"नीट दाखवा हां, दादा," ती म्हणाली.

मुंबईत साहेबांनी चित्रीकरण बघितलं. "तू खातोस ते कशाला? तू कोण? आणि हे शाकाहाराचं कीर्तन काढ. वेळ नाही आपल्याकडे." घसा बसेपर्यंत भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी! राहिलं काय, तर "सुरक्षित आहे" आणि मागे सारलेली ताटली.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी शेजारीपाजारी आमच्याकडेच बसले होते. आलेख झाले, डॉक्टर बोलले, ताटली सरकली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बायको उठून आत गेली. हिरूबाईच्या बोंबलांचं कालवण तिने दोनदा केलं होतं, बोटं चाटून खाल्लंही होतं. उरलेली पुडी घेऊन ती दारात आली.

"अहो, ह्याचं काय करू?"

"कालवण कर!" मी ओरडलोच. "तो माणूस शाकाहारी आहे गं! मी स्वतः तिथे बसून खाल्लेत!"

"ते मला कळतंय हो," ती म्हणाली, आणि पुडी कागदासकट केरात टाकली.