बापूंचं माप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेत तर नाहीच. सभांमधून दुसऱ्यांकडे जाब मागत फिरलो — आणि स्वतःचा? तो गिळून बसलो.

काजळ्या आठवतो तुम्हाला? नव्वदीच्या दशकात नाशकात आमच्या संघटनेची पत्रकं हातात पडली असतील तर आठवेल. पत्रकाच्या कोपऱ्यात दोन चित्रचौकटींपुरता यायचा. तोंडाला फडकं, हातात काळ्या ऑइलचा डबा. तक्रारअर्ज नाही, कोर्ट नाही — लुबाडणारा सापडला की त्याच्या तोंडाला काळं फासायचं आणि चालू लागायचं. आमचा मजकूर कुणी वाचायचं नाही, काजळ्याला मात्र शोधायचे. म्हणून ठरलं, आता अख्खं चित्रपुस्तक त्याचं. गोष्ट माझी, चित्रं सुदामची. सुदाम सिन्नरला दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

खलनायक रॉकेलवाला घेतला, मापात मारणारा. रॉकेलच्या रांगांनी लोक पिचलेले, राग तयारच होता. मीही चिडलेलो होतो. पण कशावर?

इंदिरानगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बापूंचं रॉकेलचं दुकान होतं. बापू प्रत्येक गिऱ्हाइकाला 'मालक' म्हणायचे — शेंबड्या पोरालासुद्धा. 'घ्या मालक, भरलं माप.' एकदा मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून थेट पुढे घुसलो. घाई होती ना, जनतेच्या कामाची! बापू म्हणाले, "मालक, रांग मोडू नका असं तुमच्याच पत्रकात वाचलं की."

रांग खदखदून हसली. मागून एक मावशी ओरडली, "चला पुढारी, शेपटाला!"

गेलो शेपटाला. घरी आल्यावर ते रॉकेल मी मोजलं. कमी निघावं म्हणून मोजलं — कळतंय का तुम्हाला? कमी निघावं म्हणून. माप पुरेपूर होतं.

तरीही खलनायकाच्या तोंडच्या फुग्यात मी लिहिलं — 'घ्या मालक, भरलं माप.'

सुदामनं विचारलं होतं, "हा कुणी खरा माणूस नाही ना रे?"

"छे, कुणीच नाही."

त्यानं बिचाऱ्यानं टक्कल काढलं, ढेरी काढली. बापू तर काटकुळे. चेहरा कुणाचाच नव्हता. पण शब्द कुणाचे, हे आमच्या गल्लीला सांगावं लागणार होतं?

सीबीएस बसस्थानकावरच्या स्टॉलवर पुस्तक हातोहात गेलं. थोड्याच दिवसांत दुकानापुढे पोरं जमली. तोंडाला फडकी, डब्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल. "ओ मालक, आज आम्ही भरतो माप!" मी रांगेतच होतो. पोरं माझ्या शब्दाबाहेर नव्हती. एक हाक पुरली असती. डबा वर गेला, तेव्हाही पुरली असती. मी पायातल्या चपलेकडे बघत राहिलो.

ऑइल कपाळावरून डोळ्यांत उतरलं. बापूंनी बाहीनं डोळे पुसले, रांगेत कुणाला तरी शोधलं, आणि मी दिसलो. आवाज चढवला नाही त्यांनी. "मालक, तुम्ही तरी सांगा. तुमच्या घरी कधी कमी गेलं का?"

सगळे माझ्याकडे वळले. मला उत्तर माहीत होतं. त्या अख्ख्या रांगेत मोजून बघितलेला मी एकटा होतो.

मी म्हणालो, "लोक उगाच बोलत नसतात, बापू."

एवढंच. मग पोरांनी घोषणा दिल्या, आणि मी — मीही दिल्या.

दुकान बंद पडलं नाही. माप तसंच पुरेपूर असायचं. बापू फक्त डबा पुढे सरकवायचे. 'मालक' हा शब्द आता आमच्या पुस्तकातच उरला होता. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा सुदामनं विचारलं, काही बदलायचंय का?

मी म्हणालो, काही नाही.