हिराबाईंचं बीपी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारी बाई मी. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेली, फटकळ, त्यात नर्स... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. निम्मी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे, तीही सांगते.

शाहूवाडीकडच्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेविका आहे. घरोघरी जाऊन मोठ्या माणसांचं बीपी-शुगर तपासायचं आणि वहीत लिहायचं, हे आमचं काम. डोंगरावरच्या शेवटच्या वाडीत मी नेमकी भातलावणीत गेले. घरांना कुलपं, माणसं चिखलात. परत कोण चढणार? खाली येऊन गेल्या वर्षीच्या यादीतली नावं उतरवली आणि सगळ्यांपुढं १३०/८० ठोकून दिलं. खोटं कशाला बोलू, असं आम्ही करतो.

मीटिंगला साहेब खूश. कोल्हापुरात वॉर्ड भरून वाहतायत आणि या वाडीतून एकही पेशंट भरती नाही — म्हणजे तिथं बीपी-शुगरचे आजारच नाहीत म्हणे. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही उघडली. हिराबाई नावाच्या म्हातारीपुढचं १३०/८० खोडलेलं... आणि वर २२०/१३०. अक्षर माझं, पेन माझं. लिहिलेलं काही केल्या आठवेना. मशीन उचललं आणि वाडी चढले.

हिराबाईंचा मुलगा तानाजी दारात डोकं धरून बसला होता. आई कुठाय म्हणून विचारलं.

"आई जाऊन म्हैना झाला, बाई. घरातच गेली. दवाखान्यात न्यायला रस्ता कुठं हाय?"

म्हणजे मी मेलेल्या बाईचं बीपी लिहिलं होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन हातात होतंच, तानाजीच्याच दंडाला पट्टा बांधला.

२२०/१३०. थोड्या वेळानं परत घेतलं — तेच.

चौघांनी झोळी करून त्याला खाली आणलं, पुढं ॲम्ब्युलन्सनं कोल्हापूर. वाटेत त्याचा उजवा हात लुळा पडला. जीव तेवढा वाचला. अजून तासभर उशीर झाला असता तर तोही घरातच गेला असता, आणि साहेबांच्या कागदावर वाडी तशीच निरोगी राहिली असती.

परत आल्यावर वही काढली. हिराबाईंपुढं १३०/८०. खोडलेलं नाही, गिरवलेलं नाही... काहीच नाही.

आमचे डॉक्टर म्हणतात, कामाचा ताण. असेल बाबा. पण तानाजीचा आकडा मला त्याला तपासायच्या आधीच वहीत कसा दिसला? त्या ओळीवर आता मी स्वतःच काट मारलीय आणि बाजूला 'मयत' लिहिलंय. हिराबाईंचं खरं बीपी किती होतं, ते मात्र कधीच कळणार नाही. मी ते एकदाही घेतलं नव्हतं.