कलती कळशी

महायुद्ध संपलं, मी पलटणीतून सुटून पाटणजवळच्या आमच्या गावी आलो आणि लढायला शत्रू उरला नाही म्हणून घरावरच चाल केली. भिंतींना चुना दिला. फळीवरची तांब्यापितळेची भांडी दोरी धरून उंचीप्रमाणे उभी केली. घोंगड्यांच्या घड्या अशा घातल्या की कडेवर बोट कापावं. थोरला भाऊ आपल्याच घरात परवानगी मागून येऊ लागला.

मग लग्नाचं निघालं. सांगलीची मंडळी घर बघायला आली. मी दारात ताठ उभा. त्यांनी चहा घेतला, पण तोही उभ्यानंच. अंथरलेल्या घोंगड्यावर टेकायची कुणाची छाती होईना. मागाहून मध्यस्थानं निरोप आणला, "घर लय झ्याक हाय गड्या. पर पोरीला पलटणीत भरती करायची न्हाई, म्हणत्यात."

वहिनीला हसू आवरेना. मला मात्र घाम फुटला. आणखी एक नकार आला असता तर गावानं मला जन्माचा घोडनवरा ठरवलं असतं.

"भावजी, आता माणचं स्थळ येतंय. ह्या वक्ताला हुकूम माझा," वहिनी म्हणाली.

तिनं घोंगडं चुरगाळलं. अर्धवट निवडलेल्या जोंधळ्याचं सूप चुलीपाशी ठेवलं. मधली कळशी रांगेतून पुढं ओढून कलती केली. निदान ती नेमकी कलती राहावी म्हणून मी फळीवर खडूची खूण केली.

"आवं, इस्कटायचं तर मनापासनं इस्कटा की!" म्हणत वहिनीनं पदरानं खूण पुसली.

माणची मंडळी आली. मुलीचा चुलता ओसरीवर बसला. तिची आत्या थेट चुलीपाशी गेली. सूप दिसताच तिनं बसकण मारली आणि वहिनीशी बोलत जोंधळा निवडायला घेतला. घरचीच असल्यासारखी. उठताना तिची नजर फळीवर गेली.

"ही कळशी अशी कुणी ठिवली?"

"ह्यांनीच," वहिनी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली. "पुरुषाच्या हाताला कुठलं आलंय वळण!"

दोरी धरून भांडी लावणाऱ्या मी मान खाली घातली. "व्हय. मला न्हाई जमत."

आत्यानं कळशी सरळ केली. जिथं मी मुळात ठेवली होती, अगदी तिथंच! मग ओसरीकडं तोंड करून ती आपल्या भावाला म्हणाली, "पोरगा गरीब हाय. आपली पोरगी लावील वळण."

लग्न ठरलं आणि झालंही.

बायको अजून रोज ती कळशी सरळ करते. "कवा यायचं तुमाला नीट ठिवायला?"

"न्हाई जमत," मी म्हणतो. ती खूश होऊन अंगणात जाते. तिची पाठ वळली, की मी कळशी पुढं ओढतो आणि कलती करतो. चार बोटं, डावीकडं. आता खडू लागत नाही.