पाठीला पाठ

मी सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला ऊर्जेचा धडा आला की माझ्या अंगात येतं. कोयनेच्या धरणात अडवलेलं पाणी म्हणजे स्थितिज ऊर्जा, ते खाली धावलं की गतिज, जनित्र फिरलं की विद्युत आणि तुमच्या घरातल्या इस्त्रीत शिरली की उष्णता. ऊर्जा कुठं जात नाही रे गाढवांनो, नुसतं रूप बदलते! वीस वर्षं हेच ओरडतोय. पोरं हसतात, पण पेपरात बरोबर लिहितात.

गावाकडं, कडेगावजवळ, आई आणि आबा दोघंच असायचे. अंगावरून वारं गेल्यापासून आबांची एक बाजू लुळी पडलेली, आणि आडवं केलं की त्यांना दम लागायचा. उशा लावल्या तर घसरायचे. म्हणून आई खाटेवर त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची. दुपार दुपार बसायची. तिथंच भाजी निवडायची, तिथंच जेवायची.

मी रविवारी जायचो. एकदा ती म्हणाली, "लय दमायला हुतंय रं आताशा."

आणि मी, मास्तर ना मी, चहा पीत म्हणालो, "आये, दमायला काय झालं? जागची हललीस का तू? विस्थापन शून्य, म्हंजे कार्य शून्य. तुझी ऊर्जा खर्चच झाली न्हाई!"

ती खळखळून हसली. "व्हय बाबा, तू शिकल्याला," म्हणाली. मला माझ्याच विनोदाचं कौतुक वाटलं.

संक्रांतीनंतर आई गेली. सकाळी चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. आबांना जेवायला बसवायचं होतं म्हणून मी आईच्या जागी बसलो. पाच मिनिटांत कंबर भरून आली. दहा मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या, थंडीत कानामागून घाम निथळला. आम्ही दोघं तसूभरही हललो नव्हतो. अरे, स्नायू ताठ धरायचे तर भाकरीतली रासायनिक ऊर्जा जळतच असते, तिची उष्णता होऊन जाते. कार्य शून्य असलं तरी माणूस आतून रिकामा होतो. हे मला ठाऊक होतं. त्या रविवारीही ठाऊक होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"उठ आता," आबा म्हणाले. बोलणं त्यांचं तुटक. "लय बसलास. तिलाबी रोज म्हनायचो, उठ गं. तर म्हनायची, पोरगं खाट आनतंय, तवर बसते."

खाट! दिवाळीत मीच बोललो होतो. दवाखान्यातल्यासारखी खाट सांगलीत भाड्यानं मिळते, पाठीकडची बाजू वर करता येते, पुढच्या रविवारी घेऊन येतो. त्यानंतर किती रविवार आलो नि गेलो. माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

"मग मला आठवण का न्हाई केली, आबा?"

"म्या म्हनलं, करतो. ती म्हनाली, नगा. त्याच्या मागं लय कामं हायत."