घरातला इंग्रजी मास्तर

बोरी बुद्रुकला आमच्या आळीत औषधाचं पाकीट वाचायचं असो की विहिरीवरच्या मोटारीबरोबर आलेला कागद, लोक माझ्याकडे येतात. चाकणच्या एका कारखान्यात मी दोन वर्षं स्टोअर सांभाळलं, तेवढ्या भांडवलावर माझं इंग्रजी चालतं. कागद हातात आला की मी आधी चष्मा पुसतो. तेवढाच विचार करायला वेळ मिळतो.

त्यामुळे बायकोनं दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं तेव्हा मास्तर घरातच तयार होता. नववीनंतर तिचं लग्न लावून दिलं आणि दहावी राहिली ती राहिलीच. तिला नोकरीबिकरी करायची नव्हती, फक्त पास व्हायचं होतं. बाहेरून बसणाऱ्यांचा तो सतरा नंबरचा फॉर्म भरायला पंधरा दिवस होते.

सोपं काही शिकवलं तर मास्तर कसला! मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सारख्या आवाजाचे इंग्रजी शब्द लिहिले. समुद्रही 'सी' आणि पाहणंही 'सी'. सूर्यही 'सन' आणि मुलगाही 'सन'. खरं सांगायचं तर मला पाठ असं तेवढंच होतं.

तिनं साधा प्रश्न विचारला, "मग बोलताना कसं कळायचं, कंचा सन ते?"

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी आवाज चढवला. "डोकं आहे का खोकं? पाठ कर म्हटलं ना!"

समोर माझी वहिनी मेथी निवडत बसली होती. तिनं मान खाली घातली. बायकोनं वही मिटली. "न्हाई भरायचा मला फॉर्म," एवढंच म्हणाली.

दहा दिवस वही फळीवरून खाली आली नाही. मी नवा पेन आणला, नारायणगावाहून भेळ आणली. भेळ तिनं खाल्ली. चुकलो म्हणायला मात्र माझी जीभ रेटेना.

अकराव्या दिवशी मी कपाटातली कागदांची पिशवी काढली. सातबाऱ्याच्या खालून माझी दहावीची पहिली गुणपत्रिका ओढली. इंग्रजी एकवीस, नापास. ही भानगड मी लग्नाआधीपासून दडवून ठेवली होती. बायको भाकरी थापत होती, तिथं परातीशेजारी नेऊन ठेवली.

तिनं नुसती नजर टाकली. "ठावं हाय मला. माझा शाळा सोडल्याचा दाखला बी त्याच पिशवीत हाय, लग्नाच्या सालापास्नं."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तुमी चष्मा पुसून लई हौसेनं सांगायचा. म्हणलं, सांगू द्या."

मला मनापासून लाज वाटली. तिनं भाकरी उलटली आणि विचारलं, "आता त्या सनचं सांगा. कसं कळतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच निघालं.

"मागचं-पुढचं ऐकून कळत आसंल," ती म्हणाली. "जावा, दाखला घेऊन या. फॉर्म भरायला चारच दिस राह्यलेत."

मी उठलो. चुलीच्या धुरानं चष्मा धुरकटला होता. तो न पुसताच मी पिशवीत दाखला शोधू लागलो.