हिरवा ठिपका आणि पाठीमागची हाक

गल्लीत आवई अशी, की रंगकाकांनी भांडणात हिरव्या लेसरने भागीदाराचा डोळा जाळला. सांगणारे तर डोळ्यातून धूर निघाल्याचंही सांगतात. धूर सोडाच, भांडणसुद्धा नव्हतं. असतं तर काकांना बरं वाटलं असतं. निदान काही कारण तरी झालं असतं.

काका इमारती बाहेरून रंगवायची कामं घेतात. भागीदार उंचच्या उंच, म्हणून त्याचं नाव शिडी. काका गोल, म्हणून शिडी त्यांना डबड्या म्हणे, आणि तसं म्हणायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. शिडी वर परांचीवर, काका खाली मान मोडेस्तोवर वर बघत.

"खिडकीच्या डावीकडे राहिलंय!"

"कुठली डावी? तुझी का माझी, डबड्या?"

यात अर्धी सकाळ जायची. म्हणून काकांनी फुटपाथवरून लेसर घेतला. विकणाऱ्याने त्याच्या उजेडावर काडी पेटवून दाखवली आणि काका भाळले. त्यावर ना ताकद लिहिलेली, ना इशारा. काडी पेटवणारी वस्तू डोळ्याचं काय करेल, हे तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

पहिल्याच सकाळी शिडीच्या डोक्याशेजारी, भिंतीवर ठिपका धरून काका ओरडले, "अरे शिडी, हे बघ!" हाक मारली की माणूस वळणारच. शिडी वळला, तो थेट त्या उजेडात.

उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग राहिला. फळी कुठे संपते ते नीट कळेना, तेव्हा परांचीवरचं काम सुटलं. आता तो एका गोदामाच्या दाराशी बसतो. काका भेटायला जातात. "या, बसा. अहो, चहा घेणार ना?" उभ्या जन्माच्या शिवीगाळीनंतर हे 'अहो'! काका चहा पितात आणि जिभेबरोबर आणखी काहीतरी भाजून घेऊन परततात.

लेसर काकांनी मोडून टाकला होता. पण नवा गडी, काका कुठे बोट दाखवतात ते बघायला कठड्यावरून इतका वाकला, की पडता पडता वाचला. मग काका नाइलाजाने चांगल्या दुकानात गेले.

"हा घ्या, दहा किलोमीटर जातो!"

"मला चार मजले जायचंय. सगळ्यात मंद दाखवा."

"मुलांना खेळायला का?"

"नाही. खेळणं नाहीच ते. डोळे असलेल्या माणसांसाठी हवाय."

एक मिलिवॉटच्या आतला, तसं छापलेला, बटण सोडताच विझणारा असा त्यांनी निवडला. हिरवा रंग डोळ्याला उजळ दिसतो, त्यामुळे सावलीतल्या भिंतीवर तेवढा पुरतो. काचा आधी कागदाने झाकायच्या, नाहीतर उजेड उलटून येतो. आणि हाक अजिबात नाही. बादलीच्या दोरीला एक हिसका म्हणजे ठिपका येतोय, तोंड भिंतीकडे. दोन हिसके म्हणजे विझला, आता खुशाल वळा.

"नियम दुसऱ्यांना," काकांची पुतणी, म्हणजेच प्रस्तुत लेखिका, म्हणाली. "तुम्ही वर असलात तर वळालच. लावा पैज!"

"लावली. हरलीस तर महिनाभर ब्रश तू धुवायचे."

काका वर चढले. लेसर गड्याकडे, त्याच्यातले सेल मात्र पुतणीच्या मुठीत. गड्याने एक हिसका दिला. पुतणीने घसा खाकरला आणि शिडीचा तो घोगरा, नाकातला आवाज हुबेहूब काढला, "अरे ए डबड्या! मेलास का?"

काकांचा ब्रश थांबला. मान तसूभर हलली नाही. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी नाही.

दोन हिसके बसले मात्र, काका गर्रकन वळले. पुतणीकडे नाही, फाटकाकडे.

"आला? कुठंय?"

फाटकात कुणीच नव्हतं.

संध्याकाळी पुतणी नळाखाली ब्रश धूत बसली. काका शेजारी येऊन बसले. "आवाज झकास काढतेस," म्हणाले. "पुन्हा काढायचा नाही."

पाणी पांढरं वाहत होतं. ते स्वच्छ यायला लागलं तेव्हा काका म्हणाले, "बरं, एकदाच काढ. हळू."